अवयवदानाला हो म्हणणारे मेडिकलचे विद्यार्थी 'ब्रेन डेड'पाशी का अडखळतात?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते. तुम्ही एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहात. पीएसएमच्या (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाच्या) प्रोजेक्टसाठी आपल्याच कॉलेजातल्या मुलामुलींकडून अवयवदानावरची प्रश्नावली भरून घेतलीत. 'अवयवदान चांगलं' यावर जवळजवळ सगळ्यांनी टिक केली. पण 'ब्रेन डेड माणूस बरा होऊ शकतो का' या प्रश्नाला बऱ्याच जणांनी 'कधीकधी' असं उत्तर दिलं. स्वतः अवयवदानाचा फॉर्म भरलेले अगदी मोजके निघाले. 'घरच्या माणसाचे अवयव द्याल का' इथे तर कित्येकांनी रकाना कोराच सोडला. तुमचे गाईड म्हणतात, 'जागृती कमी आहे असा निष्कर्ष लिहा आणि व्याख्यानं सुचवा.' तुम्हाला ते पटत नाही. उद्या डॉक्टर होणाऱ्यांचं असं का होतं आणि ते कशाने बदलेल, हे तुम्हाला हवंय.

मी भूलतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं आयसीयूत काढली, ब्रेन डेथ ठरवणाऱ्या पॅनेलवर माझं नाव आहे, रेसिडेंटना, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांना, शिकवते. प्रत्यारोपण मी करत नाही. त्यामुळे रुग्णाच्या उशाशी उभं राहून जे दिसतं तेवढंच सांगते. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येणारी माणसं ज्यांच्या समोर बसतात, ते नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, याच प्रश्नाचं उत्तर वेगळ्या टोकाने देतील, आणि तेही बरोबरच असेल.

तुमच्या गाईडचं म्हणणं चूक नाही, पण त्याने काही हाती लागत नाही. अशा पाहण्या आपल्याकडे आणि बाहेर पुष्कळ झाल्यात. बहुतेक ठिकाणी चित्र असंच दिसतं: इच्छा भरपूर, माहिती वरवरची, भरलेले फॉर्म थोडे. माझ्या मते तुमच्या प्रश्नावलीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या गेल्यात. अवयवदान चांगलं वाटणं ही पहिली. कायदा आणि नियम ठाऊक असणं ही दुसरी. आणि ज्याची छाती वर-खाली होतेय, ज्याच्या अंगाला ऊब आहे, तो माणूस गेलेला आहे याची स्वतःच्या मनाला खात्री पटणं, ही तिसरी. पहिली शाळेतच येते. दुसरी एका तासात शिकवता येते. तिसरी पुस्तकातून येत नाही, आणि ती नसेल तर पहिल्या दोन्ही ऐनवेळी गळून पडतात. तुमचा तो कोरा रकाना तिसरीचा आहे.

दुसरीचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 सालचा. सुरुवातीला ज्या राज्यांत तो 1995 मध्ये लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. 2011 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि 2014 मध्ये नवे नियम आले. ब्रेन डेड म्हणजे मेंदूस्तंभ मृत; मेंदूस्तंभ हा श्वासाची प्रेरणा देणारा मेंदूचा खालचा भाग. तो मृत झाल्याचं चार डॉक्टर मिळून ठरवतात: हॉस्पिटलचे प्रमुख डॉक्टर, पॅनेलवरचे एक स्वतंत्र तज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन, आणि उपचार करणारे डॉक्टर. यातला कोणीही प्रत्यारोपणाच्या टीममधला चालत नाही. चाचण्यांच्या दोन फेऱ्या होतात, मध्ये किमान 6 तासांचं अंतर. सगळं फॉर्म 10 वर नोंदलं जातं. न्यूरोचा माणूस उपलब्ध नसेल तर भूलतज्ज्ञ किंवा इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचा तज्ज्ञ) चालतो. माझ्यासारखे लोक त्या कागदावर सही करू लागले ते या दुरुस्तीमुळे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तिचा फार उपयोग झाला. 2019 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये हा विषय नावानिशी आहे. म्हणजे तुमच्या वर्गाने तो वाचलाय, बहुतेकांनी परीक्षेत लिहिलाही असेल.

तरीही 'कधीकधी बरा होतो' असं उत्तर का येतं? त्यातला दोष सगळा मुलांचा नाही. आपल्या कायद्यातच एक खाच आहे आणि वर्गात ती सहसा कोणी दाखवत नाही. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 'मृत' या शब्दाच्या व्याख्येत मेंदूस्तंभ मृत्यू स्पष्ट घालतो. पण जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा मृत्यू म्हणजे 'जिवंतपणाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणं' एवढंच म्हणतो, मेंदूचा उल्लेख करत नाही. मग घरच्यांनी अवयव द्यायला नकार दिला तर काय? माणूस मेलाय म्हणून व्हेंटिलेटर काढायचा, की तो जिवंत आहे असं समजून हृदय थांबेपर्यंत चालू ठेवायचा? केरळने 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून हे आपल्यापुरतं स्पष्ट केलं: मेंदूस्तंभ मृत म्हणजे मृत, मग दान होवो वा न होवो. बाकी बऱ्याच ठिकाणी डॉक्टर बिचकतात आणि मशीन चालू ठेवतात. आता तिसऱ्या वर्षाच्या मुलीच्या जागी उभ्या राहा. शेजारच्या बेडवर नातेवाइकांनी हो म्हटलं, तो रुग्ण 'मृत'. या बेडवर नाही म्हटलं, तर ड्रिप चालू, इंजेक्शनं चालू, फाइलवर रोजच्या नोंदी चालू. तिने यातून काय शिकावं? ती हेच शिकते की ब्रेन डेड म्हणजे मृत्यूची एक सोयीपुरती पायरी. तुमच्या प्रश्नावलीतलं 'कधीकधी' तिथून आलंय.

दुसरा गोंधळ कोमाचा. आपल्या सगळ्यांच्या मनात अरुणा शानबाग आहेत. केईएममधल्या त्या नर्सवर 1973 मध्ये हल्ला झाला आणि त्या 2015 पर्यंत, जवळजवळ 42 वर्षं, त्याच हॉस्पिटलात होत्या. तिथल्या नर्सेसनी त्यांची जी सेवा केली तिला तोड नाही. पण त्या ब्रेन डेड नव्हत्या. त्यांचा मेंदूस्तंभ काम करत होता. त्या स्वतः श्वास घेत होत्या, घास गिळत होत्या. मेंदूस्तंभ मेला की श्वासाची प्रेरणाच संपते, मग दिवस कसले, मशीन काढलं तर काही मिनिटांत हृदय थांबतं. मशीन ठेवलं तरी बहुतेकांचं हृदय काही दिवसांत थांबतंच. 'एवढी वर्षं कोमात राहून माणसं उठतात' अशी उदाहरणं विद्यार्थी देतात तेव्हा ती मेंदूस्तंभ चालू असलेल्या माणसांची असतात. मी वर्गात दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी काढते: एकात मेंदूस्तंभ हिरव्या खडूने, एकात काळ्या. एवढ्याने निम्मा वर्ग सावरतो.

उरलेल्या निम्म्यासाठी खडू पुरत नाही. आता तिसऱ्या गोष्टीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे असं मला वाटतं.

रेसिडेंट असताना माझ्याकडे एकोणीस वर्षांचा मुलगा होता, मोटरसायकलवरून पडलेला, हेल्मेट नव्हतं. पहाटे त्याच्या बाहुल्या फाकल्या त्या परत आल्या नाहीत. सकाळी वडील काचेबाहेर उभे होते. मी बाहेर जाऊन त्यांना म्हणाले, "ब्रेन डेड झालाय, पण हार्ट चालू आहे. व्हेंटिलेटरवर जिवंत ठेवलंय." यातला एकच शब्द त्यांनी उचलला: जिवंत. दुपारपर्यंत त्यांनी गावाकडून पैसे उभे केले, कार्डिअ‍ॅक अँब्युलन्स केली आणि मुलाला मोठ्या शहरात हलवलं. तिथे पोचल्यावर तासाभरात त्याचं हृदय थांबलं. पैसे व्याजाने आणले होते हे मला मागाहून कळलं. मी खोटं काही बोलले नव्हते. पण मला स्वतःलाच तो मुलगा गेलाय हे पटलं नव्हतं, आणि माझ्या वाक्यात ते आलं. कायदा मला पाठ होता. अवयवदानाचा फॉर्मही मी इंटर्नशिपमध्येच भरला होता. तुमच्या प्रश्नावलीत मला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

मला ते पटलं पहिल्यांदा अ‍ॅप्निया टेस्ट, म्हणजे व्हेंटिलेटर सोडवून रुग्ण स्वतः श्वास घेतो का ते बघण्याची चाचणी, स्वतः केली त्या दिवशी. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी खात्री करून घ्यायची असते की दुसरं काही मेंदूस्तंभाच्या मृत्यूचं सोंग घेत नाहीये. शरीर थंड पडलेलं नको. भुलीची किंवा झोपेची औषधं अंगात नकोत, विषबाधा नको, सोडियम-साखर बिघडलेली नको. मेंदूला काय झालंय याचं कारण माहीत हवं आणि ते न सुधारणारं हवं. मग एकेक रिफ्लेक्स: बाहुलीवर उजेड, बुबुळाला कापसाचं टोक, कानात बर्फाचं पाणी, भुवईच्या हाडावर जोरात दाब, घशात आणि ट्यूबमध्ये सक्शनची नळी. कशालाच उत्तर नाही. शेवटी अ‍ॅप्निया. दहा मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा, रक्तातला कार्बन डायऑक्साइड साधारण 40 वर आणायचा, आणि व्हेंटिलेटर सोडवायचा. ट्यूबमधून बारीक नळीने ऑक्सिजन चालू राहतो, म्हणजे शरीराला ऑक्सिजन कमी पडत नाही. पण हवा आत ढकलणारं आता कोणी नाही. कपडा बाजूला करून छाती आणि पोट उघडं ठेवायचं आणि आठ ते दहा मिनिटं बघत राहायचं.

मागच्या वर्षी एक तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी माझ्या शेजारी उभी होती. पहाटेचे पावणेपाच. व्हेंटिलेटरचा आवाज थांबला की आयसीयूत एक पोकळी होते, ती तिला जाणवली असावी, कारण ती एक पाऊल मागे सरकली. मग तिची नजर त्या माणसाच्या बेंबीवर खिळली. मला दिसलं की तिने स्वतःचा श्वास धरून ठेवलाय. न सांगता, नकळत. पहिल्या मिनिटातच तिला तो सोडावा लागला, तिने पुन्हा धरला, पुन्हा सोडला. समोरच्या छातीत मात्र काही नाही. मॉनिटरवर हृदयाचे ठोके नव्वदच्या आसपास, नियमित. आठव्या मिनिटाला रक्त काढलं, मशीन जोडलं. चिठ्ठीवर कार्बन डायऑक्साइड 68 आला. 60 च्या वर गेला की आपण मानतो: मेंदूस्तंभ जिवंत असता तर या विषारी पातळीला त्याने श्वास घेतलाच असता. ती चिठ्ठी तिने हातात घेऊन बराच वेळ पाहिली. म्हणाली, "मॅडम, मला पाव मिनिटसुद्धा जास्त नाही थांबता आलं." ब्रेन डेथवर मी इतकी वर्षं बोलतेय, पण यापेक्षा नेमकं वाक्य मला सुचलेलं नाही.

थोड्या वेळाने तिने आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो तुमच्याही कामाचा आहे. चाचणीच्या आधी सिस्टर त्या माणसाची कूस बदलत होत्या आणि सवयीने म्हणाल्या होत्या, "बाळा, जरा या अंगावर घेते हं." तो जर गेलाय, तर सिस्टर त्याच्याशी का बोलतात? मी तिला सांगितलं की आपल्याकडे अंघोळ घालतानाही बायका गेलेल्या माणसाशी बोलतात. तो आदर आहे, तिथे शंका नाही. पण नातेवाईक काचेतून तेच बघतात आणि आशा धरतात. म्हणून अशा वेळी त्यांना आत बोलावून, आपण काय करतोय ते सांगूनच करावं. दात्याची निगा राखणं हे रुग्णाच्या उपचाराइतकंच कष्टाचं काम आहे. लघवी लिटरवारी जाते, रक्तदाब कोसळतो, सोडियम वर जातं. हे सगळं सांभाळलं तर दुसऱ्या माणसाला किडनी चांगली मिळते. ही मेहनत बघून विद्यार्थ्याला वाटतं की आपण याला वाचवतोय. तिथे कोणीतरी दोन वाक्यांत समजावलं नाही तर तो गोंधळ आयुष्यभर राहतो. कधीकधी पायाचा अंगठाही हलतो. ते कण्याचे रिफ्लेक्स असतात, मेंदूचा त्याच्याशी संबंध नसतो. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर नातेवाईक तर सोडाच, इंटर्नसुद्धा धावत येतो.

यावरून बोलण्याचा मुद्दा निघतो. आमच्या पॅनेलच्या भागात मी आता रेसिडेंटना 'ब्रेन डेड झालाय पण' हे वाक्य उच्चारू देत नाही. त्यातला 'पण' घात करतो. दुसरी चाचणी पूर्ण झाली ती मृत्यूची वेळ. तेव्हा 'गेला' असंच म्हणायचं, आणि छाती का हलते ते लगेच पुढच्या वाक्यात सांगायचं. मागे एका मुलाचे मामा माझा हात धरून म्हणाले, "मॅडम, अंग गरम लागतंय की हो." मी त्यांना बेडपाशी नेलं, त्यांचा हात माझ्या हातात धरूनच मुलाच्या छातीवर ठेवला आणि सांगितलं की रक्त फिरतंय तोवर ऊब राहते, आणि रक्त फिरतंय ते मशीन हवा देतंय म्हणून. ते गप्प बसले. अवयवदानाचा विषय मी तिथे काढला नाही. तो काढायचं काम ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचं, आणि तेही मृत्यू पचायला थोडा वेळ दिल्यानंतर. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या की घरच्यांना वाटतं, अवयव हवेत म्हणून याला मेलेला ठरवताहेत. तासाभराने मामाच कोऑर्डिनेटरकडे गेले, 'डोळे तरी द्यावेत का' विचारायला.

इथवरचं थोडक्यात असं. तुमच्या बॅचला अवयवदान पटलंय, मृत्यू पटलेला नाही. आणि तो पटायला एकदा तरी तिथे उभं राहावं लागतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मान्य करायला हव्यात. तुमचं कॉलेज प्रत्यारोपण केंद्र असेल, किंवा नुसतं अवयव काढून घेण्याची मान्यता असलेलं केंद्र असेल, तर अशा चाचण्या होतील. नसेल तर पाच वर्षांत एकही दिसणार नाही, आणि मग मी सांगतेय ते तुम्हाला शेजारच्या शहरात जाऊन बघावं लागेल. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय समन्वय समित्या आहेत, म्हणजे झेडटीसीसी. कोणता अवयव कोणाला जाणार हे प्रतीक्षायादीवरून तिथून ठरतं, आयसीयूतून नव्हे. माझ्या रुग्णाची किडनी कोणाला गेली हे मला माहीत नसतं. किडनी रॅकेटच्या बातम्या वाचून विद्यार्थ्यांच्या मनात जो अविश्वास बसतो, त्याला एवढं एक वाक्य बऱ्यापैकी उत्तर आहे. ती रॅकेटं प्रामुख्याने जिवंत दात्यांच्या व्यवहारातली असतात. 1994 चा कायदाच मुळात तो बाजार मोडायला आला. 2011 च्या दुरुस्तीने शिक्षा वाढवून 10 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड केला.

घरचं वळणही असतंच. मेडिकलला आलेली मुलं त्याच घरांतून येतात जिथे आजी म्हणते, डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होशील. ॲनॉटॉमीचा पहिला दिवस झाला म्हणून ती भीती जात नाही. मी तिची टर उडवत नाही आणि तुम्हीही उडवू नका. त्यामागे बहुतेक वेळा वेगळी चिंता असते: चिरफाड होईल, देह विद्रूप मिळेल, अंत्यविधीला उशीर होईल. त्यांना सरळ उत्तरं आहेत. अवयव ऑपरेशन थिएटरात काढतात, शिवून, पुसून देह परत देतात. अपघाताची केस असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम टळत नाही, पण दोन्हींची सांगड घालता येते. सूर्यास्तानंतर पोस्टमॉर्टेम न करण्याची जुनी अडचण केंद्राने नोव्हेंबर 2021 मध्ये, सोयी असलेल्या हॉस्पिटलांपुरती, दूर केली, आणि त्यात अवयवदानाच्या केसेसना प्राधान्य आहे. संमतीनंतरचा दात्याच्या देखभालीचा खर्च घरच्यांवर पडू नये असं नियमांतच आहे.

देहदान आणि अवयवदान यांची गल्लतही तुमच्या उत्तरपत्रिकांत नक्की सापडेल. पहिल्या वर्षी सगळ्यांनी देहासमोर उभं राहून शपथ घेतलेली असते, त्यामुळे 'दान' म्हटलं की तेच आठवतं. देहदान ॲनॉटॉमी कायद्याखाली येतं आणि मृत्यू घरी झाला तरी चालतो. किडनी, यकृत, हृदय मात्र आपल्याकडे बहुतेक वेळा आयसीयूत ब्रेन डेड ठरलेल्या माणसाकडून, हृदय चालू असतानाच घेतात. मोठे अवयव काढलेला किंवा पोस्टमॉर्टेम झालेला देह ॲनॉटॉमी विभाग सहसा घेत नाही. नेत्रदान यापेक्षा फार सोपं आहे: घरी झालेल्या मृत्यूनंतरही 6 तासांच्या आत होतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी, आणि नंतर देहदानही करता येतं.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नावलीत नव्हती, आणि बहुतेक प्रश्नावल्यांत नसते. मृत्यूनंतर कोण देणार एवढंच आपण विचारतो. जिवंतपणी किडनी किंवा यकृताचा तुकडा देणाऱ्यांत आपल्याकडे बायका जास्त आहेत, घेणाऱ्यांत पुरुष. तुमच्या वर्गातल्या मुलामुलींना विचारा, 'घरात किडनी द्यायची वेळ आली तर कोण देईल?' आणि मुलांची उत्तरं, मुलींची उत्तरं वेगळी मांडा. मला ते कळलं तर आवडेल.

'कशाने बदलेल' याबद्दल स्पेनकडे बघण्यासारखं आहे. त्यांची राष्ट्रीय संस्था 1989 ची. दहा लाख लोकसंख्येमागे तिथे वर्षाला पन्नासच्या आसपास मृत दाते होतात, आपल्याकडे एकही पुरा होत नाही. अनेकांना वाटतं की तिथे कायद्यानेच सगळ्यांना दाता मानलंय म्हणून हे झालं. कागदावर तसं आहेही, पण प्रत्यक्षात ते घरच्यांना विचारतातच. फरक पडला तो हॉस्पिटलातल्या माणसांमुळे. त्यांनी आयसीयूतल्या डॉक्टरांनाच कोऑर्डिनेटर केलं, संभाव्य दाता ओळखायला आणि दुःखात असलेल्या घराशी बोलायला शिकवलं. भर पोस्टरवर कमी आणि उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरवर जास्त होता. तो डॉक्टर म्हणजे तीन वर्षांनंतरचे तुम्ही.

म्हणून तुमच्या प्रोजेक्टसाठी दोन ठोस सूचना. हो-नाहीचे प्रश्न कमी करा आणि त्याऐवजी छोटे प्रसंग द्या. चोवीस वर्षांचा मुलगा, व्हेंटिलेटरवर, ठोके नव्वद, पहिली चाचणी रात्री दहाला, दुसरी पहाटे पाचला, हृदय थांबलं परवा दुपारी. मृत्यूच्या दाखल्यावर वेळ कोणती लिहाल? वडील विचारतात, 'म्हणजे अजून चान्स आहे ना?' तुम्ही त्यांना नेमकं काय म्हणाल, दोन ओळींत लिहा. बेडवरची बाई डोळे उघडते, जांभई देते, कोणाला ओळखत नाही. ही ब्रेन डेड आहे का? या तीन उत्तरांतून तुम्हाला चाळीस टिकांपेक्षा जास्त कळेल. विशेषतः दुसऱ्यातले 'पण' मोजा.

दुसरी सूचना: व्याख्यान सुचवायचं तर सुचवा, पण त्याच्या जोडीला आयसीयूत एक दिवस मागा. आणि जमलं तर त्यानंतर महिन्याने तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्या. चार-पाच जणच असतील, टक्केवारी निघणार नाही, पण त्यांच्याशी बसून बोललात तरी प्रोजेक्टला वजन येईल.

शेवटी तुम्ही विचारलंय, स्वतः फॉर्म भरू का. जरूर भरा, पण आधी घरी बोला. तुमची लेखी इच्छा कायद्याने ग्राह्य आहे. तरी प्रत्यक्षात घरचे नाही म्हणाले तर आपल्याकडे कोणी पुढे जात नाही. कागदी फॉर्मवर, म्हणजे फॉर्म 7 वर, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक जवळचा नातेवाईक असावा लागतो, त्यामुळे तो विषय टाळताच येत नाही. माझ्या आईने सही करायला चार महिने घेतले. मी तिला एकदाही पुन्हा विचारलं नाही. एका रविवारी वरण उकळत असताना ती म्हणाली, "आण तो कागद."

आयसीयूत जायची परवानगी मिळाली तर एका वेळी दोघांनीच जा. फोन बाहेर ठेवा, बेडच्या पायथ्याशी उभं राहून केस डिस्कस करू नका, नातेवाईक आत असतील तर बाहेर थांबा. चाचणी संपली की लगेच निघू नका. दान होणार असेल तर सर्जन आत गेल्यावर दोन मिनिटं सगळे शांत उभे राहतात, तिथपर्यंत थांबा. नंतर टाके घातलेला, पुसलेला, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला देह बाहेर येतो, चेहरा उघडा असतो. घरचे त्याला घेऊन गाडीत बसेपर्यंत थांबता आलं तर थांबा.